सोडलं तिथून पुढे

९ जानेवारी

वहिनी,

नमस्कार. साष्टांग घातला असता, पण खोलीत तीन खाटा आहेत आणि मधल्या जागेत एकाच माणसाला उभं राहता येतं, म्हणून उभ्याउभ्याच करतो.

तुम्ही म्हणालात, फोनवर मी ओरडतो आणि दादा त्याहून मोठ्यानं ओरडतात, तेव्हा पत्र लिहा, कागदाला आवाज नसतो. तर हे घ्या पत्र. दादांना सांगा, तुमचा भाऊ जिवंत आहे. कॉलेजला परत जाणार नाही हेही सांगा. किंवा नका सांगू, त्यांना ते तोंडपाठ आहे.

नोकरी लागली. इथल्या मोठ्या हॉस्पिटलात, तळमजल्यावर. ऑपरेशनच्या कात्र्या, चिमटे, सुऱ्या वरून ट्रेमध्ये येतात. आम्ही त्या घासतो, धुतो, हिरव्या कापडात गाठोडी बांधतो आणि वाफेच्या मशीनमध्ये घालतो. मशीनचं खरं नाव ऑटोक्लेव्ह, पण आमच्यात तिला ‘सासूबाई’ म्हणतात. सारखी फुसफुसते आणि तोंड कधी उघडेल त्याचा नेम नाही.

आता खरं कारण. कॉलेज सोडलं त्या दिवशी मी खिडकीच्या काचेत मूठ घातली होती, ते टाके इथेच पडले. टाके कोणत्या डॉक्टरनं घातले ते आठवत नाही. माझा हात धरून उभी होती, ती आठवते. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मी बोंबलत होतो, तर शांतपणे विचारते, “काचेला फार लागलं का?” वहिनी, मी तिथेच संपलो. नोकरीचा अर्ज दुसऱ्या दिवशी टाकला.

सोमवारी इथे हिपॅटायटिस बीची, म्हणजे त्या बी प्रकारच्या काविळीची लस होती. कामगारांना लगेच, नर्सिंगच्या मुलींना आधी रक्त तपासून पुढच्या आठवड्यात. ती टोचायला बसणार असं कुणीतरी म्हणालं, म्हणून मी तासभर रांगेत. नंबर आला तर समोर मोठ्या सिस्टर, दरवाजासारख्या. ती पलीकडे मुलींच्या रक्ताच्या बाटल्या लावत होती. मी म्हटलं, मला नको. सिस्टर म्हणाल्या, “का रे, घाबरतोस?” मी म्हटलं, “मी घोडा आहे, मला काही होत नाही.” तर म्हणतात, “मग घोड्यांच्या दवाखान्यात जा, रांग अडवू नकोस.” अख्खी रांग हसली. तीसुद्धा. मी ताडताड निघून आलो.

रविवारी तिला विचारणार आहे. आशीर्वाद द्या.

तुमचा,
भडकू (इथेही हेच नाव पडलं, मी काही सांगितलं नव्हतं)

१७ जानेवारी

भाऊजी,

आशीर्वाद आहेतच, पण त्यांचा सगळा साठा तुमच्यावरच संपायला लागलाय. तुमच्या दादांसाठी थोडे राहू द्या.

प्रसूतिगृहात नर्स म्हणून मी इतकी वर्षं काढली, हे तुम्ही विसरलात की मला उगाच तसं वाटतंय? तुम्ही ज्या लसीपासून पळालात, ती आम्ही जन्मल्या दिवशी बाळाला देतो. ते रडतं, आईकडे जातं आणि विसरतं. तुम्ही त्याच्याहून लहान निघालात.

हा आजार रक्तातून जातो. डोळ्याला दिसणार नाही एवढा थेंब पुरतो, आणि रक्त वाळलं तरी त्यात तो काही दिवस दम धरून असतो. तुम्ही ज्या कात्र्या घासता, त्या कुणाच्या पोटातून आल्या हे कात्रीवर लिहिलेलं नसतं. तीन डोस असतात. एक आता, दुसरा महिन्यानं, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. उद्याच्या उद्या त्या दरवाजासमोर जाऊन दंड उघडा करा.

आणि मग विचारा तिला. नाही म्हणाली, तर निदान दंड दुखतोय म्हणून रडता येईल.

दादा काही विचारत नाहीत. पण तुमचं पाकीट आलं की चष्मा शोधायला लागतात.

तुमची वहिनी

३० जानेवारी

वहिनी,

सगळं संपलं. विचारण्याआधीच संपलं.

काय बिघडलं ते मला कळत नाही. आधी ती ट्रे द्यायला खाली यायची तेव्हा खिडकीशी दोन मिनिटं थांबायची, सासूबाईंची तब्येत विचारायची. गेले दहाबारा दिवस ट्रे ठेवते आणि जाते. विचारायचं मी गेल्या रविवारवर ढकललं होतं, तर ती खोलीबाहेरच आली नाही, म्हणे डोकं दुखतंय. आणि काल हे झालं.

ट्रेमध्ये औषधाची फोडलेली काचेची बाटली राहिली होती, ती बोटाएवढी असते ना, मान मोडून उघडतात ती. तिच्या अंगठ्याला कापलं. चांगलं रक्त आलं. मी काय करणार? पुढे होऊन तिचा हात धरायला गेलो. तर कोपरानं मला असं ढकललं की मी गाठोड्यांच्या ढिगात जाऊन पडलो. “हात लावू नकोस! मागे हो!” सगळ्यांसमोर, वहिनी. अंगठा गुंडाळून तिनं स्वतः ब्लीचच्या पाण्यानं कट्टा पुसला. मी म्हटलं, राहू दे, ते माझं काम आहे. ऐकलं नाही. दोनदा पुसला. कापूसही स्वतःच पिशवीत टाकला आणि पिशवीला गाठ मारली.

संध्याकाळी होस्टेलच्या फाटकाशी म्हणाली, “इथे उभा राहत जाऊ नकोस.”

कळलं मला. कॉलेज सोडलेला, भांडी घासणारा. भांडीच ती, ऑपरेशनची असली म्हणून काय झालं? हात लावलेलाही चालत नाही! मी खोलीवर आलो आणि कप फोडला. माझा नव्हता, शेजारच्या खाटेवाल्याचा होता. आता तोही बोलत नाही.

लस घेतली नाही. कशाला घेऊ? कोणासाठी?

तुमचा

६ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दादांनी एकदा वाचलं आणि फक्त “कप” एवढंच म्हणाले.

ती तुम्हाला हलकं समजते असं तुम्ही लिहिलंत. मला तसं वाटत नाही. का वाटत नाही हे मी लिहिणार नाही, आणि तुम्ही विचारायचं नाही. तिलाही काही विचारायचं नाही. फाटकाशी उभं राहायचं नाही. खिडकीशी आली तर बोलायचं, नाही आली तर ट्रे घासायचे.

आणि लस घ्यायची. कोणासाठी विचारता? माझ्यासाठी घ्या. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा तुम्ही शाळेत होतात. तेव्हापासून तुमच्या शर्टांची बटणं लावली, दादांच्या तावडीतून सोडवलं, तुमच्या भांडणात खोटं बोलले. बदल्यात कधी काही मागितलं? आज तीन टोचण्या मागते.

घेतली की एका ओळीचं पत्र टाका.

वहिनी

२० मार्च

वहिनी,

एका ओळीचं सांगितलंत, पण मला एका ओळीत काही जमत नाही.

दोन झाले. पहिल्याला सिस्टर म्हणाल्या, “घोडा आला वाटतं!” दुसऱ्याला नुसत्याच “हं” म्हणाल्या, म्हणजे आमची मैत्री झाली.

तुमचं ऐकून मी गप्प राहिलो. किती अवघड आहे ते तुम्हाला नाही कळायचं, तुम्ही जन्मजात गप्प आहात. पण गंमत बघा. पहिला डोस घेतला तेव्हा ती दाराशी होती. माझ्या दंडाकडे बघत होती आणि डोळे भरलेले. मी म्हटलं, टोचलं मला, रडतेस तू? म्हणाली, ब्लीचचा वास जातो डोळ्यांत. तिथे ब्लीच नव्हतं. असो, मुलींचं काही सांगता येत नाही.

परवा स्वतःहून खिडकीशी आली. “दुसरा डोस झाला?” मी म्हटलं, झाला. “तिसरा ऑगस्टमध्ये. विसरशील.” मी म्हटलं, तू आठवण कर. “बघू,” म्हणाली. आता आम्ही जेवणाच्या सुट्टीत मागच्या बाकावर बसतो. ती एका टोकाला, मी दुसऱ्या. मधे तिचा डबा. तिचा कपही वेगळा असतो, दांड्याला निळा दोरा बांधलेला. कुणाला देत नाही. मला काय, मी बाटलीनं पाणी पितो.

मी सुखात आहे, वहिनी. दादांना सांगू नका, नाहीतर ते कॉलेजचं काढतील.

तुमचा घोडा

२४ ऑगस्ट

वहिनी,

विचारलं. नाही म्हणाली.

पाच महिने एका बाकावर बसून नाही म्हणाली. मी म्हटलं, दुसरा कुणी आहे? नाही. मी आवडत नाही? त्यावर गप्प. मी म्हटलं, मी कॉलेज सोडलं म्हणून? तर म्हणाली, “तुला सगळं तुझ्यावरूनच का सुचतं?” मग कशावरून, ते सांग! “मी कुणाशीच लग्न करणार नाही. परत विचारू नकोस. आणि तिसरा डोस तेवढा घे.”

तिसरा डोस! मी म्हटलं, तिसरा डोस गेला खड्ड्यात आणि तूही जा. बाकाला लाथ मारली. पाय अजून सुजलाय. त्याच दिवशी माझी तारीख होती, मी गेलो नाही. गेल्या आठवड्यात सिस्टरनी निरोप पाठवला, तरी गेलो नाही.

महिनाअखेर नोकरी सोडतो. कुठे जाईन ते ठरलं नाही. घरी येणार नाही.

२९ ऑगस्ट

भाऊजी,

आधी पायाला थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवा. मग खाली बसून वाचा.

ती नाही म्हणाली हे दुःख आहे, मला कळतं. पण नाही म्हणतानाही तिच्या तोंडात तुमचा तिसरा डोस होता, हे तुम्ही लिहिलंत आणि पुढे गेलात. मी तिथेच अडकले. ज्याच्याशी आपल्याला काही घेणंदेणं नाही, त्याचा डोस कोण लक्षात ठेवतं?

मला एक शंका आहे. जानेवारीपासून आहे. ती मी तुम्हाला सांगणार नाही, दादांनाही सांगितलेली नाही. कारण ती खोटी असली तर मी एका मुलीबद्दल भलतंच बोलले असं होईल, आणि खरी असली तर ती गोष्ट तिची आहे. तिची गोष्ट तिच्या आधी मी कशी सांगू? म्हणून इतके महिने तुम्हाला नुसतं टोचून घ्या, टोचून घ्या करत आले. राग आला असेल तर माझ्यावर काढा, बाकावर नको.

तुम्हाला एक वाईट खोड आहे. शेवटाच्या जवळ आलं की तुम्ही उठून जाता. पोहणं, तबला, कॉलेज. मी कधी बोलले नाही. आज बोलते, कारण ही गोष्ट मोडली तर बटण लावण्यासारखी नाही.

उशीर झाला म्हणून आता सगळं पहिल्यापासून घ्यावं लागेल, असं मनात आणून टाळू नका. या लसीत तसं नसतं. डोस चुकला तर सोडलं तिथून पुढे घेतात. जगात फार थोड्या गोष्टींना ही सवलत आहे, भाऊजी. वापरून घ्या.

त्यानंतर नोकरी सोडा, गाव सोडा, काय हवं ते सोडा. मी अडवणार नाही.

वहिनी

१५ सप्टेंबर

वहिनी,

तुम्हाला माहीत होतं! जानेवारीपासून! आणि मी इकडे कप फोडतोय!

नीट सांगतो. सिस्टरकडे गेलो, मान खाली घालून. वाटलं, बोलतील. त्यांनी नुसती बाही वर करायला सांगितली. मी विचारलं, पहिल्यापासून? “तिसरा राहिलाय ना? मग तिसराच. जास्त हुशारी करू नकोस.” टोचलं. बाहेर आलो तर ती जिन्याखाली, जिथे रिकामी स्ट्रेचर लावून ठेवतात तिथे उभी.

“झाला?”

मी म्हटलं, “झाला. पण तुझ्यासाठी नाही घेतला. वहिनींसाठी घेतला.”

“बरं झालं,” म्हणाली. “माझ्यासाठी घेतला असतास तर सांगताच आलं नसतं मला, उपकार फेडल्यासारखं वाटलं असतं.”

मग सांगितलं. जानेवारीत मुलींचं रक्त तपासलं, त्यात तिच्या रक्तात तो आजार निघाला. तिला काही होत नाही, दुखत नाही, पिवळी पडत नाही, पण आहे. तेव्हा डॉक्टर म्हणाले, कधी कधी आपोआप जातो, सहा महिन्यांनी परत बघू. म्हणून ती मधे आशेवर होती. बाकावर आली ती त्या आशेवर. जुलैत परत तपासलं, गेला नव्हता. आईचंही तपासलं, आईकडूनच जन्मताना आलेला. आई फोनवर रोज रडते, मी तुला हेच दिलं म्हणून. नर्सिंग तिला करता येईल, मोठ्या सिस्टर सुरुवातीपासून तिच्या पाठीशी आहेत. मैत्रिणींना माहीत नाही.

आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, “एवढंच?”

वहिनी, काय भडकली! मला भडकू म्हणतात ते उगाच. “एवढंच? आठ महिने मी कप वेगळा ठेवतेय. आईशी बोलताना हसतेय. तुझ्यासमोर बोट कापलं तेव्हा रात्रभर विचार करत होते, माझं रक्त तुला लागलं तर नाही ना, तू लस घेतली नव्हतीस. आणि तू म्हणतोस एवढंच?”

मी म्हटलं, तसं नाही. “मग कसं?” मी मागे स्ट्रेचरवर बसलो, तर ते चाकांचं. सुटलं. मी भिंतीवर जाऊन आदळलो. ती हसली. मग रडली. मग म्हणाली, कप वेगळा ठेवायची गरज नाही हे तिला माहीत आहे. कपानं, ताटानं, हात धरल्यानं हे होत नाही, परीक्षेत तिनंच पानभर लिहिलंय. तरी ठेवते.

मी म्हटलं, आता तरी हो म्हण, माझे तीन झाले. म्हणाली, लस घेतली म्हणजे लागली असं नाही. महिना-दोन महिन्यांनी रक्त तपासायचं. संरक्षण तयार झालं का ते आकड्यात कळतं. दहा तरी यायला हवेत. “तोवर मी हो म्हणणार नाही आणि नाही पण म्हणणार नाही.”

नोकरी सोडलेली नाही. तुमच्यावर रागावलो आहे. थोडाच.

भाऊजी

२५ सप्टेंबर

भाऊजी,

रागवा. तेवढा हक्क आहे तुमचा.

हे पत्र मी दादांना दाखवलं नाही. चष्मा घेऊन उभे होते, मी म्हटलं, यातलं माझं नाही आणि तुमचंही नाही. पहिल्यांदाच न भांडता गेले. ती परवानगी देईल तेव्हाच त्यांना सांगेन. तुम्हीही चार मित्रांत मन मोकळं करायला जाऊ नका. तुमचं मन मोकळं होईल, तिचं जगणं अवघड होईल.

मी तुम्हाला लग्न करा म्हणत नाही आणि करू नका असंही म्हणत नाही. कामाचं तेवढं सांगते. दाढीचं ब्लेड आणि दात घासायचा ब्रश एकमेकांचा वापरायचा नाही, ते कुणीच वापरू नये. जखम झाली तर झाकायची. तिनं दर सहा महिन्यांनी डॉक्टरांना यकृत दाखवायचं, आणि कंटाळून थांबायचं नाही. नवऱ्याला लस लागलेली असली की बाकी संसार चारचौघांसारखा. भांडणंसुद्धा.

परवा आमच्याकडे एक बाळंतीण आली, तिलाही हेच आहे. मुलगी झाली. जन्मल्याबरोबर बाळाच्या एका मांडीत लस आणि दुसऱ्या मांडीत तयार संरक्षणाचं इंजेक्शन दिलं. आई हात मागे घेऊन पडून राहिलेली. बाळाला शिवेना. म्हणाली, माझ्यामुळे काही झालं तर? मी बाळ उचललं आणि तिच्या छातीशी दिलं. म्हटलं, धरा, पाजा, तुमचंच आहे. आधी नुसतं एक बोट बाळाच्या गालाला लावून बघितलं. मग घेतलं तिनं. मी पाठ फिरवून उगाच चादरींच्या घड्या घालत बसले.

हे तिला वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

वहिनी

२ डिसेंबर

वहिनी,

तपासणीचं आलं. दहा हवे होते, चार आले.

आयुष्यात पहिल्यांदा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि नापास झालो. माझं रक्तही माझ्यावरच गेलंय, शिकवलेलं डोक्यात जात नाही.

सिस्टर म्हणाल्या, शंभरातल्या चारपाच जणांचं असं होतं, तुझा काही दोष नाही. टेबलावर मूठ आपटावी असं खरंच वाटलं. पण टेबलावर इतरांच्या रक्ताच्या बाटल्या उभ्या होत्या. मग मी हात खाली घेतला आणि विचारलं, “आता?” म्हणाल्या, “आता परत तीन. दुसऱ्या खेपेला पुष्कळांचं जमतं. नाहीच जमलं तरी काळजी घेऊन राहता येतं, मी शिकवीन.” मी म्हटलं, मग पहिला आजच द्या.

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि कुपी काढायला उठल्या.

ती दाराशी होती, आकडा तिनं ऐकला होता. टोचून झालं तशी आत आली आणि हळूच म्हणाली, “आता गेलास तरी चालेल. कुणी तुला नाव ठेवणार नाही. मी तर नाहीच.”

मी म्हटलं, “कुठे जाऊ? पुढचा डोस महिन्यानं आहे.”

माझ्या दंडावरचा कापूस सुटत होता, तो तिनं बोटांनी धरला. रक्त कधीच थांबलं होतं. तरी धरून उभी राहिली. सिस्टर खोलीतून निघून गेल्या, वहिनी, त्या दरवाजासारख्या सिस्टर पाय न वाजवता गेल्या. मग ती म्हणाली, “मी थांबते.” मी विचारलं, कुठवर? “तुझे तीन होईपर्यंत. परत नापास झालास तरी थांबते. मग बघू दोघं मिळून.”

मला भडकायला काहीच उरलं नाही. फार विचित्र वाटतंय.

दादांना सांगायला हरकत नाही असं ती म्हणते. तुमचं बाळंतिणीचं पत्र मी तिला आज वाचायला दिलं. ते घेऊन खिडकीशी उलटी बसली आहे. आता हे पत्र मागतेय, खाली तिला काही लिहायचंय. मला बघू देत नाही.

भाऊजी

वहिनी,

नमस्कार. मी ती. तुम्ही जानेवारीपासून ओळखून होतात आणि कुणाला बोलला नाहीत, ते मी विसरणार नाही.

एक विचारायचं होतं. त्या बाळंतिणीची मुलगी आता कशी आहे? तिची पुढची टोचणी वेळेवर झाली का? आई पाजते का अजून, आणि कुशीत घेऊन झोपते का? बाळाचं रक्त पुढे कधी तपासतात? मी पुस्तकात वाचलंय, पण तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. मला सगळं सविस्तर लिहा. घाई नाही. पण लिहा.